मदत हवी आहे : रोझेटचा फोटो नुसता लाल, हबलसारखा सोनेरी-निळा होत नाही (तातडीचं)

गच्चीवरून
रोझेट नेब्युलाचं (गुलाबासारखा दिसणारा तेजोमेघ) स्टॅकिंग झालंय, म्हणजे बरेच फोटो एकावर एक जोडून एक केलेत. डेटा उत्तम आहे, पाकळ्या आणि मधली पोकळी स्पष्ट दिसतेय. रंग मात्र काही केल्या येत नाहीत. एका व्हिडिओत दाखवलं तसं तिन्ही चॅनल वेगळे केले, एस-एच-ओ (गंधक-हायड्रोजन-ऑक्सिजन) क्रमाने परत जोडले, तरी सगळं टोमॅटोच्या सारासारखं. मध्ये जेमतेम निळसर झाक. सॅच्युरेशन वाढवलं की लालच भडकतो. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला उद्या संध्याकाळपर्यंत फाइल द्यायची आहे. सिरिलमध्ये (फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर) कुठलं बटण राहतंय तेवढं सांगा, प्लीज.

शृंगाश्व
कॅमेरा मोनो (कृष्णधवल) की कलर? फिल्टर कोणता? एकूण एक्स्पोजर किती? आणि फोटो टाका की राव, न बघता काय सांगणार.

पिक्सेलपंत
बटण नाही, सॉफ्टवेअरच बदला. पिक्सइनसाइट घ्या. सिरिलमध्ये नॅरोबँड (ठरावीक वायूंचाच प्रकाश सोडणाऱ्या फिल्टरचे फोटो) करणं म्हणजे वेळ घालवणं. एकदा पैसे जातात, पण आयुष्यभराचं काम होतं.

रेवती२७
पंत, प्रत्येक धाग्यावर हेच. त्यांना फाइल उद्या द्यायची आहे, आणि पिक्सइनसाइट शिकायला उन्हाळा उजाडेल. त्या पैशांत अजून एक फिल्टर येतो.

सातारकर
तारे लांबट येतायत का? पोलर अलाइनमेंट (दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) नीट करा. आपल्याकडे ध्रुवतारा जेमतेम १७-१८ अंशांवर, त्यात क्षितिजाजवळची धूळ. मी आधी होकायंत्राने दिशा धरतो, मग तारा सरकतो का ते बघून, ड्रिफ्ट पद्धतीने तपासतो. सविस्तर हवं असेल तर लिहितो.

गच्चीवरून
@सातारकर, तारे गोल आहेत.
@शृंगाश्व, कॅमेऱ्याचा इथे काय संबंध? डेटा तर आलाय ना. प्रश्न रंगांचा आहे. ३०० सेकंदांचे सब्ज (सुटे फोटो) आहेत, फिल्टर नॅरोबँडचाच, ७ नॅनोमीटरवाला.

शृंगाश्व
संबंध आहे म्हणून तर विचारतोय. फिल्टर एकच आहे की तीन?

जुना_निरीक्षक
मुळात तो सोनेरी रंग खोटा आहे. रोझेट लालच आहे, तुमच्या फोटोत आलाय तसा. हायड्रोजनचा प्रकाश ६५६ नॅनोमीटरचा, लाल. लोक रंग फासतात आणि प्रदर्शनात मुलांना वाटतं आकाश असंच असतं. मी दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ चाळीस वर्षं बघतोय, करडा-हिरवटच दिसतो.

रेवती२७
काका, तुम्हाला हिरवट दिसतो तो ऑक्सिजनच्या ५००.७ च्या रेषेमुळे, आणि अंधारात डोळ्याला लाल फारसा कळत नाही म्हणून. म्हणजे डोळाही हायड्रोजन गाळूनच दाखवतो. गंधकाच्या रेषा ६७२ च्या आसपास, हायड्रोजनची ६५६. दोन्ही लाल. खरे रंग ठेवले तर कुठे कोणता वायू आहे हे कधीच वेगळं दिसणार नाही. म्हणून सर्वांत लांब तरंगलांबीला लाल, मधलीला हिरवा, आखूडला निळा असे रंग देतात, यालाच हबल पॅलेट म्हणतात. हबलचा गरुड नेब्युलातल्या खांबांचा १९९५ चा फोटो असाच केलाय. फोटोखाली दोन ओळींत हे लिहिलं की फसवणूक कसली?

जुना_निरीक्षक
त्या दोन ओळी कोण वाचतं!

नाम्या_ओतूरकर
हायड्रोजनवरून आठवलं, आमच्याकडे खोडदच्या परिसरात ४५ मीटरच्या तीस रेडिओ डिश आहेत, त्याही हायड्रोजनच बघतात ना? मग तिथे फोटो का काढत नाहीत?

शृंगाश्व
नामदेवराव, तो हायड्रोजन थंड आणि उदासीन, २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरी सोडणारा. रोझेटमधला तापलेला, आयनित (इलेक्ट्रॉन निघून गेलेला). प्रतिमा खोडदलाही करतात, रेडिओतल्या. वेगळा धागा काढा, मजा येईल.
@गच्चीवरून, उत्तर द्या हो.

गच्चीवरून
एकच फिल्टर. ड्युअल बँड. कलर कॅमेरा, कूल्ड. झालं? आता सांगा.

शृंगाश्व
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. ड्युअल बँड फिल्टर दोनच गोष्टी आत सोडतो, हायड्रोजन-अल्फा (एचए) आणि ऑक्सिजन-३ (ओ३). गंधक फिल्टरमधून आलंच नाही, ते फोटोत कुठून आणणार? व्हिडिओ मोनो कॅमेऱ्याचा असणार. तुम्ही जे 'एस' म्हणून लालमध्ये टाकलंत तो हायड्रोजन आहे, आणि 'एच' व 'ओ' म्हणून दिलेले हिरवा-निळा हे दोन्ही ऑक्सिजनच. फोटो जसा यायला हवा तसाच आलाय.

पिक्सेलपंत
म्हणून म्हणतो मोनो घ्या.

रेवती२७
पंत!!
@गच्चीवरून, खरा हबल पॅलेट होणार नाही, पण सोनेरी-निळा होईल. एरवी मी डीबेअर (कच्च्या फाइलीचा रंगीत फोटो बनवणं) न करता हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे काढणारी स्क्रिप्ट चालवा म्हटलं असतं, कारण हायड्रोजन फक्त लाल पिक्सेलवर पडतो, म्हणजे चारातल्या एकावर. पण तुम्हाला वेळ नाही, झालेला स्टॅकच वापरा. बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन आधी करून घ्या, शहरातल्या दिव्यांचा उतार त्यात जातो. मग चॅनल सुटे करा. लाल तो एचए. हिरवा आणि निळा यांची सरासरी पिक्सेलमॅथमध्ये घ्या, तो ओ३. आता मुख्य गोष्ट : दोन्ही वेगवेगळे स्ट्रेच करा (अंधुक भाग ताणून उजळा). एकत्र स्ट्रेच केलं की एचए इतका जोरदार असतो की ओ३ त्याखाली दबतो, तुमचं तेच झालंय. ओ३ जास्त ताणा, दोघांचे हिस्टोग्राम (उजेडाचे आलेख) साधारण एका जागी येईपर्यंत. मग जोडताना :
लाल = एचए
हिरवा = ०.४ एचए + ०.६ ओ३
निळा = ओ३
जिथे नुसता हायड्रोजन तिथे लाल-हिरवा मिळून सोनेरी येईल, जिथे ऑक्सिजन तिथे निळा. आकडे आवडीप्रमाणे हलवा.

शृंगाश्व
+१. आणि निळा पाकळ्यांच्या टोकांना शोधू नका, तो मध्येच येणार. आतल्या एनजीसी २२४४ गुच्छातले तरुण, तापलेले तारे अतिनील किरण फेकतात. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, ऑक्सिजनच्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला ३५ लागतात. एवढ्या ताकदीचे किरण ताऱ्यांच्या जवळपासच मिळतात.
फ्लॅट्स (धुळीचे डाग काढायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) घेतलेत का? आणि त्या रात्री चंद्र होता का? चांदण्यात एचए तग धरतो, ओ३ चं वाटोळं होतं.

गच्चीवरून
चंद्र होता थोडा. फ्लॅट्सचं नंतर बघू. करून बघतो.

मिनूची_आई
छान चर्चा चाललीय. मुलगा सातवीत आहे, दहा-बारा हजारांत असे रंग दिसणारी दुर्बीण कोणती?

जुना_निरीक्षक
ताई, असे रंग कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाहीत, मी तेच सांगतोय मघापासून. त्याला १०×५० ची द्विनेत्री घेऊन द्या आणि एखाद्या अमावास्येला वांगणीला न्या.

गच्चीवरून
आलं! सोनेरी आलं, मध्ये निळंही. पण आता सगळ्या ताऱ्यांभोवती निळी वलयं आहेत आणि पार्श्वभूमीवर डाग. लिंक देतोय. हे घालवायचं बटण?

रेवती२७
सुंदर आलंय! तारे आधी वेगळे काढले होते का?

गच्चीवरून
तसं कुणी सांगितलं नव्हतं.

रेवती२७
खरंय, नव्हतं सांगितलं. स्ट्रेच करायच्या आधी स्टारनेट (फोटोतले तारे वेगळे काढणारं साधन) चालवा, एचए आणि ओ३ दोन्हींवर. ओ३ ताणला की तारेही ताणले जातात, वलयं त्याचीच. बिनताऱ्यांच्या फाइलींवर वरचं सगळं परत करा. तारे मूळ रंगीत स्टॅकमधून काढा, अगदी हलके स्ट्रेच करा आणि शेवटी स्टार रिकॉम्पोझिशनने बसवा. तेजस्वी ताऱ्यांभोवती थोडं उरेल, ते फिल्टरच्या काचेतलं परावर्तन.

शृंगाश्व
डाग फ्लॅट्सशिवाय जाणार नाहीत, ती सेन्सरवरची धूळ आहे. कॅमेरा दुर्बिणीवरून काढला नसेल, फोकसही तोच असेल, तर सकाळी पांढरा टी-शर्ट ताणून आकाशाकडे धरून घ्या. पण मग स्टॅक पहिल्यापासून.

गच्चीवरून
कॅमेरा कधीच काढून ठेवला. डाग क्लोन करतो (शेजारचा भाग चिकटवून झाकतो). १२ बाय १८ छापायचंय.

सातारकर
कुठे छापताय? फ्लेक्सवाल्याकडे देत असाल तर पार्श्वभूमी थोडी उजळ ठेवा, छपाईत काळ्यात सगळं बुडतं. आणि एसआरजीबीत जेपीजी द्या, १६ बिटची टिफ त्यांच्याकडे उघडत नाही.

पिक्सेलपंत
फ्लेक्सवर नेब्युला?!