अनुभव धागा : व्यवसाय आपलाच, मग सुट्टी कोणाकडे मागायची?

मैत्रिणींनो, ठाण्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे, आठ वर्षं झाली. कामाला दोघीजणी आहेत. त्यांना दर सोमवारी सुट्टी असते आणि ती मीच ठरवली, कारण रोज दोन-अडीचशे पोळ्या लाटून खांदे कसे भरून येतात ते मला ठाऊक आहे. सोमवारच्या पोळ्या मी लाटते.

गेल्या महिन्यात जिना चढताना धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन ८.२ आलं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेवटची सुट्टी कधी घेतलीत?" मला आठवेना. घरी येऊन कॅलेंडर पाहिलं तर गौरींचे दोन दिवस सापडले, आणि त्या दोन दिवसांत घरचा नैवेद्य होताच.

रक्त गोळ्यांनी भरून येईल. पण त्याच्या आधीपासून काहीतरी बिनसलं होतं. फोन वाजला की पोटात गोळा यायचा. रोज डबा नेणारे एक आजोबा "आज भरली वांगी फर्मास" म्हणाले, तरी मनाला काही लागलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची नोंद केली. ती आजार म्हणून नाही, कामाच्या साचून राहिलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणं दिली आहेत: अंगातलं बळ संपणं, कामावरून मन उडणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पहिलं मी वयावर ढकललं होतं. दुसरं वाचून रडू आलं, कारण हे काम मी हौसेने सुरू केलं होतं.

म्हणून विचारते. तुम्ही कुठे थांबलात, काय सोडलंत, पैशाचं काय झालं? 'स्वतःकडे लक्ष द्या' एवढंच नको, आकडे लिहा.

दिवाळी फराळ, डोंबिवली

ताई, माझं पाच वर्षांपूर्वीचं लिहिते. त्या वर्षी ६० किलो चकलीची ऑर्डर घेतली होती, शिवाय लाडू, करंज्या, अनारसे होतेच. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री दोन वाजता घाणा सुरू होता. सोऱ्या हातात, चकलीचं तिसरं वेटोळं अर्धं झालेलं, आणि मला उभ्या उभ्या डुलकी लागली. सोऱ्या सुटून कढईत पडला. मनगटापासून कोपरापर्यंत तेल उडालं. डाग अजून आहे.

हात बांधलेला असताना करायला काही नव्हतं, म्हणून हिशोबाची वही घेऊन बसले. भाजणी, तेल, गॅस, डबे आणि मदतीच्या मावशींचे पैसे वजा जाता ६० किलोंमागे माझ्या हाती ७,८०० रुपये राहिले होते. नऊ दिवस, रोज १४ तास. भागाकार केला तर तासाला ६२ रुपये. मावशींना मी तासाला ८० देत होते.

तोवर मी भाव ठरवताना शेजारच्या बाईंचा भाव विचारून त्यात दहा रुपये कमी करायचे. माझी मजुरी त्यात कुठेच नव्हती. पुढच्या वर्षी ती आधी लिहिली आणि मग भाव काढला. किलोमागे ११० रुपये वाढले. चकली ३५ किलोच घेतली. परदेशी पार्सलच्या ऑर्डरी घटस्थापनेपर्यंत, बाकीच्या दसऱ्यापर्यंत. एकादशीनंतर तळणी बंद. जुनी गिऱ्हाइकं काही गेली, त्याचं वाईट वाटलं. पण हाती आले ते आधीपेक्षा कमी नव्हते, आणि लक्ष्मीपूजनाला मी जागी होते.

शिवणकाम, सांगली

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे ब्लाउजांचा ढीग लागतो. मी अर्जंटचे शंभर रुपये जादा लावले, वाटलं लोक वेळेवर येतील. झालं उलटंच. शंभर दिले की उद्या मिळतं हे कळल्यावर सगळ्याच अर्जंट झाल्या आणि मी रात्री अकराला काजं करत बसायला लागले. आता अर्जंट प्रकारच नाही. वहीत रोजच्या तारखेखाली चार ओळी आखलेल्या आहेत. साधा ब्लाउज एक ओळ, अस्तराचा किंवा कटोरीचा दोन ओळी. ओळी भरल्या की पुढची तारीख. वही मी गिऱ्हाइकासमोरच उघडते, त्यामुळे 'नाही' मला तोंडाने म्हणावं लागत नाही. हुका आणि हातशिलाई गल्लीतल्या एका ताईंना नगावर देते.

पार्लर, नाशिक

सगळ्यांचं वाचलं. पण ऑर्डर कमी करा हे ज्यांच्या घरात दुसरा पगार आहे त्यांना जमतं. मी एकटी कमावते, दोन मुलं आहेत, गाळ्याचं भाडं आहे. थ्रेडिंग करून करून अंगठ्याची शीर धरली. डॉक्टरांनी पट्टा बांधून तीन आठवडे हात वापरायचा नाही म्हणून सांगितलं. तीन आठवडे गाळा बंद, भाडं चालू. त्या महिन्यात बहिणीपुढे हात पसरला.

तेव्हापासून एक केलं. पार्लरवाल्या आम्ही सहाजणींनी भिशी लावली. आठवड्याला ३०० प्रत्येकी, पण नंबर लावून उचलायची नाही. जी आजारी पडेल तिच्या भाड्याला ती रक्कम. दोन वर्षांत दोघींच्या कामी आली. माझ्यासारखीला आधी पैसा बाजूला पडला तरच विश्रांती घेता येते.

मसाले, कणकवली

आमचं काम मार्च ते मे. मिरच्या वाळवणं, देठ काढणं, भाजणं, कांडपाला नेणं. आषाढात हात मोकळे. कोणी म्हणालं, बारा महिने ऑनलाइन विका. दोन पावसाळे केलं. मसाल्याला दमट हवा लागली, पाकिटं परत आली, आणि मेमधला शीण उतरायचे महिनेच गेले. बंद केलं. आमची सुट्टी पावसाने ठरवलेली आहे, ती तशीच राहू दिली.

पुन्हा मी, ठाणे

नाशिकच्या ताई, बरं झालं लिहिलंत. माझ्या घरी दुसरा पगार आहे आणि तरी मी सोमवारी लाटत होते, हे तुमचं वाचताना फार जाणवलं. भिशीचं इथल्या दोघी केंद्रवाल्यांशी बोलले आहे.

डोंबिवलीच्या ताईंसारखं वही घेऊन बसले. सोमवार बंद ठेवला तर महिन्याला साधारण साडेचार हजार कमी येतील. ४२ डबेवाल्यांना कळवलं. दोघांनी डबा बंद केला. आजोबांनी विचारलं, रविवारी संध्याकाळी चार पोळ्या जास्त मिळतील का. मिळतील म्हटलं. पाटी रंगवायला दिली आहे.