जगातली गाजलेली झपाटलेली घरं, तिथे खरं काय घडलं होतं?

निशाचर७

सध्या रात्री झोपायच्या आधी झपाटलेल्या घरांबद्दल वाचायचा नादच लागलाय. व्हिडिओ पण ढीगभर बघितले पण सगळीकडे तेच ते, अंधार, दार करकरतंय, कोणीतरी किंचाळतंय आणि "या घरात गेलेला परत आला नाही". मला ते नकोय. घर कुठलं, तिथे कोण राहत होतं, नक्की काय झालं आणि भुताची गोष्ट कुठून सुरू झाली हे कोणी नीट सांगेल का?

खास करून अ‍ॅमिटीव्हिलबद्दल विचारायचंय. ते कुटुंब २८ दिवसांत घर टाकून पळालं हे खरं का? आणि त्यांच्यानंतर त्या घराचं काय झालं, कोणी राहिलं का तिथे? विंचेस्टरबाईंचं घर, बॉर्ली वगैरे नुसती नावं ऐकून आहे, त्यावर पण लिहा. लांबलचक लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

जुनी_पानं

अ‍ॅमिटीव्हिलच्या दोन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात म्हणून आधी त्या सुट्या करतो.

पहिली गोष्ट शंभर टक्के खरी आहे. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ११२ ओशन अव्हेन्यू हे घर, १३ नोव्हेंबर १९७४ च्या पहाटे रॉनल्ड डीफेओ ज्युनियर या २३ वर्षांच्या मुलाने रायफलने आईवडील, दोन भाऊ आणि दोन बहिणी अशा सहा जणांना मारलं. सगळे आपापल्या बिछान्यात पालथे पडलेले सापडले. रायफलला सायलेन्सर नव्हता, तरी शेजाऱ्यांनी गोळ्यांचा आवाज ऐकल्याचं सांगितलं नाही, फक्त कुत्रा भुंकत होता म्हणाले. घरातलं बाकी कोणी उठून पळालं कसं नाही हा प्रश्न तेव्हापासून लोकांच्या डोक्यात आहे. खटल्यात वकिलाने हा वेडा आहे, याला आवाज ऐकू येतात असा बचाव केला, तो कोर्टाने मानला नाही. १९७५ मध्ये शिक्षा झाली आणि २०२१ मध्ये तो कैदेतच मेला.

दुसरी गोष्ट लुट्झ कुटुंबाची. नवरा बायको आणि तीन मुलं, डिसेंबर १९७५ मध्ये ८०,००० डॉलरला हे घर घेतलं, म्हणजे खुनांना जेमतेम वर्ष झालेलं. मेलेल्या माणसांचं बरंचसं फर्निचर पण त्यांनी घरासोबतच विकत घेतलं होतं, मला तर सगळ्यात जास्त अंगावर काटा येतो तो या गोष्टीने. २८ दिवसांनी ते निघून गेले हे खरं आहे. भर थंडीत माश्यांचे थवे, रोज पहाटे सव्वातीनला जाग येणं, खिडकीबाहेर लाल डोळे, हे सगळं त्यांनी सांगितलेलं. पण १९७९ मध्ये डीफेओच्या त्याच वकिलाने जाहीर सांगितलं की ही भयकथा आम्ही वाईनच्या बाटल्या रिकाम्या करत बसून रचली. लुट्झ मात्र बहुतेक सगळं खरं आहे यावर शेवटपर्यंत ठाम राहिले.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, हो, त्यांच्यानंतर दुसरं कुटुंब आलं आणि सुमारे दहा वर्षं राहिलं. भूत एकदाही दिसलं नाही, त्रास झाला तो बघ्यांचा. दिवसरात्र लोक येऊन घराकडे टक लावून उभे राहायचे. शेवटी घराचा नंबर बदलला आणि डोळ्यांसारख्या दिसणाऱ्या त्या प्रसिद्ध खिडक्याही काढून टाकल्या. घर अजून आहे पण बाहेरून पटकन ओळखू येणार नाही.

शर्वरी_के

विंचेस्टरबद्दल मी लिहिते, कारण त्या बाईवर फार अन्याय झालाय असं मला मनापासून वाटतं.

नेहमीची गोष्ट अशी की सारा विंचेस्टर या रायफल कंपनीच्या विधवेला एका मांत्रिक बाप्याने सांगितलं की तुमच्या बंदुकांनी मेलेल्यांचे आत्मे मागे लागलेत, घर बांधत राहा, बांधकाम थांबलं की तुम्ही मराल. मग तिने म्हणे ३८ वर्षं रात्रंदिवस हातोडी थांबू दिली नाही, आणि भुतांना चकवायला छताला जाऊन आपटणारे जिने आणि उघडलं की थेट खाली पडाल असे दरवाजे करून ठेवले.

आता खरं काय ते बघा. तिची एकुलती एक मुलगी १८६६ मध्ये तान्ही असतानाच गेली. नवरा १८८१ मध्ये क्षयाने गेला. मग ती कॅलिफोर्नियात सॅन होजेला आली, १८८६ मध्ये एक आठ खोल्यांचं शेतघर घेतलं आणि ते वाढवत गेली, शेवटी १६० च्या आसपास खोल्या झाल्या. पैसा अफाट होता आणि तिला बांधकामाची खरीखुरी आवड होती, आर्किटेक्ट न ठेवता स्वतःच ठरवायची, नाही आवडलं की पाडून परत बांधायची. त्या मांत्रिकाचा मात्र काहीच पुरावा नाही. रात्रंदिवस काम चालायचं हे पण खरं नाही, मधेमधे कामगारांना सुट्टी देऊन काम बंद ठेवल्याचं तिच्या पत्रांतून कळतं.

जिन्यांचं तर फारच वाईट वाटतं मला. तिथे एक जिना आहे ४४ पायऱ्यांचा, वळत वळत जातो आणि एवढं चढून तुम्ही पोचता जेमतेम नऊ फूट वर, प्रत्येक पायरी जेमतेम दोन-अडीच इंचाची. लोक फोटो काढतात आणि म्हणतात बघा वेडेपणा. अहो तिला संधिवात होता, पाय उचलवत नव्हता, म्हणून तसा जिना करून घेतला. आणि कुठेच न जाणारे दरवाजे म्हणाल तर १९०६ चा मोठा भूकंप झाला त्यात सात मजली मनोरा कोसळला, वरचे मजले गेले, ती स्वतः झोपायच्या खोलीत अडकली होती. पडलेला भाग तिने परत बांधलाच नाही, नुसता बंद करून टाकला, त्यामुळे बरेच जिने आणि दारं अशी अधांतरी राहिली. ती त्यानंतर बहुतेक दुसऱ्या घरांतच राहायची.

१९२२ मध्ये ती गेली आणि पुढच्याच वर्षी घर तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात झाली, आता तिकीट विकायचं म्हटल्यावर संधिवाताची गोष्ट कोण सांगणार. तिने क्षयरोग्यांच्या दवाखान्यासाठी नवऱ्याच्या नावाने मोठी रक्कम दिली होती, ते कुठल्याच व्हिडिओत येत नाही.

काळं_मांजर

शर्वरी, मस्त लिहिलंयस, जिन्याचं अजिबात माहीत नव्हतं. मी बॉर्ली घेतो.

बॉर्ली रेक्टरी म्हणजे इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातलं पाद्र्याचं घर, १८६३ च्या सुमाराला बांधलेलं, मोठं आणि थंडगार. जुनी आख्यायिका अशी की तिथे आधी मठ होता, एक साधू आणि एक जोगीण पळून जाताना पकडले गेले, त्याला फाशी दिलं आणि तिला भिंतीत जिवंत चिणलं. तिथे मठ असल्याचा पुरावा कधी सापडला नाही, पण १९०० मध्ये त्या पाद्र्याच्या चार मुलींनी संध्याकाळी हिरवळीवर जोगीण बघितल्याचं सांगितलं, चौघींनी एकदम.

१९२९ मध्ये नंतरच्या पाद्र्याने पेपरला पत्र लिहिलं आणि वार्ताहराबरोबर हॅरी प्राइस हा भुतं शोधणारा तिथे आला. तो आल्यावर दगड पडायला लागले, घंटा वाजायला लागल्या. पुढे फॉइस्टर कुटुंब राहायला आलं तेव्हा कहर झाला, बाटल्या उडायच्या, आणि भिंतींवर पेन्सिलीने वेडीवाकडी अक्षरं उमटायची, त्यात घरातल्या बाईचं नाव घालून मदत मागितलेली, "मॅरिअ‍ॅन, प्लीज हेल्प गेट", आणि पुढचं वाक्य अर्धवटच. त्या भिंतींचे फोटो आहेत, रात्री बघू नका एवढंच सांगतो. १९३७ मध्ये प्राइसने वर्षभरासाठी घरच भाड्याने घेतलं आणि जाहिरात देऊन ४८ निरीक्षक जमवले. १९३९ मध्ये घर जळालं आणि विमा कंपनीने नव्या मालकाचा दावा बनावट म्हणून फेटाळला. १९५६ च्या चौकशी अहवालात तर खुद्द प्राइसवरच बनवाबनवीचा संशय घेतलाय. तरीपण त्या चार बहिणींनी काय बघितलं ते प्राइसच्या खूप आधीचं आहे, ते मला सोडवत नाही.

आणि भुताशिवाय घाबरायचं असेल तर व्हिलिस्का वाचा. आयोवातलं छोटं गाव, जून १९१२, मूर कुटुंब चर्चमधल्या मुलांच्या कार्यक्रमाहून रात्री घरी आलं, सोबत मुलीच्या दोन मैत्रिणी झोपायला. सकाळी आठही जण कुऱ्हाडीने मारलेले सापडले, त्यात सहा मुलं. खुन्याने घरातले आरसे कापडांनी झाकले होते. कंदिलांच्या काचा काढून वात बारीक करून ते खोलीत खाली ठेवले होते. कुऱ्हाडीशेजारी खारवलेल्या मांसाचा एक मोठा तुकडा भिंतीला टेकवून ठेवलेला, तो कशासाठी हे आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही. एका पाद्र्यावर दोनदा खटला चालला, तो सुटला. खुनी सापडलाच नाही.

तारेवरचा_अभियंता

इथे एक वेगळा मुद्दा टाकतो. घरात काहीच घडलेलं नसताना पण माणसांना तिथे कोणीतरी असल्यासारखं वाटतं, आणि ती माणसं खोटं बोलत नसतात.

१९२१ मध्ये अमेरिकेत डोळ्यांच्या डॉक्टरांच्या एका नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापून आली होती. नवीन घरात राहायला गेल्यावर रात्री पावलांचे आवाज, कोणीतरी पलंगाशी उभं असल्याचा भास, मुलं पांढरीफटक, कुंडीतली झाडं मरायला लागली. शेवटी घर गरम ठेवायची भट्टी तपासली तर ती खराब, धूर बाहेर जायच्या ऐवजी घरातच पसरत होता. कार्बन मोनॉक्साइड. भट्टी दुरुस्त केल्यावर भुतं गेली. म्हणून खरंच सांगतो, घरात सगळ्यांना एकदम डोकेदुखी, मळमळ आणि भास व्हायला लागले तर आधी खिडक्या उघडा, बाहेर या आणि गॅस, हीटर, बर्नर तपासून घ्या, हा वायू जीव घेतो.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या व्हिक टँडी या इंजिनिअरचं. प्रयोगशाळेत रात्री काम करताना त्याला घाम फुटायचा आणि नजरेच्या कडेला करडी आकृती दिसायची. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं पकडीत अडकवून ठेवलं होतं ते आपोआप थरथरायला लागलं. शोधलं तर नवीन बसवलेला पंखा १९ हर्ट्झच्या आसपासचा, कानाला ऐकूच न येणारा आवाज काढत होता. पंख्यात बदल केल्यावर आकृती गायब. १९९८ मध्ये त्याने यावर लेख लिहिला. हे प्रत्येक घराला लागू पडणार नाही हे मान्य, पण कुठेही पाऊल टाकण्याआधी मी पहिलं हेच तपासेन.

निशाचर७

सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्री दीड वाजता वाचतोय आणि व्हिलिस्काच्या आरशांवर अडकून बसलोय. तिथे आता पैसे भरून रात्रभर मुक्काम करता येतो असं वाचलं, लिझी बॉर्डनच्या (अमेरिकेतली, आईवडिलांच्या कुऱ्हाडीने झालेल्या खुनाचा आरोप होऊन सुटलेली बाई) घरात पण. व्हिलिस्कात ज्या खोलीत लहान मुलं मारली तिथे झोपायला पैसे द्यायचे हे मला काही पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

जुनी_पानं

मला पण नाही पटत. याच कारणासाठी न्यू ऑर्लिन्सच्या लालोरी वाड्याचं वर्णन मी नेहमी अर्ध्यात सोडतो. १० एप्रिल १८३४ ला तिथे आग लागली, लोक विझवायला आत गेले तर वरच्या खोल्यांमध्ये बांधून ठेवलेले, छळ झालेले सात गुलाम सापडले. आग म्हाताऱ्या स्वयंपाकिणीने लावली होती, मेले तरी चालेल पण हे नको म्हणून. जमावाने घर फोडलं, मालकीण डेल्फिन लालोरी बग्गीतून निसटली आणि पॅरिसला जाऊन मेली, शिक्षा काहीच नाही. नंतर लोकांनी त्यात कल्पनेतले भयानक प्रकार घुसडले, जसं काही जे झालं ते पुरेसं नव्हतं. आज टूर गाइड त्या बाईचं नाव घेतात, त्या सात जणांची नावं कोणी विचारत नाही.

शनिवारवाड्याचं बघा त्या मानाने. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव १८ वर्षांचे, गारदी मागे लागलेले आणि ते काकांकडे धावतात, ही हाक अमावस्येला ऐकू येते म्हणतात ते सोडा, पण निदान रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना तोंडावर दोषी ठरवलं हे पण त्याच गोष्टीसोबत आपल्याला सांगितलं जातं.

शर्वरी_के

निशाचर, मुक्कामाबद्दल माझं पण तेच मत. बाहेरून बघावं, वाचावं, बस.

जाता जाता घर विकत घेणाऱ्यांसाठी एक खरी केस. न्यूयॉर्क राज्यात नायक नावाच्या गावात एका बाईने आपल्या घरात भुतं आहेत असं मासिकात आणि स्थानिक पेपरात छापून आणलं होतं. नंतर घर विकताना घेणाऱ्याला त्यातलं काहीच सांगितलं नाही. त्याला कळल्यावर तो कोर्टात गेला आणि १९९१ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की तुम्हीच जगाला सांगितलंय भुतं आहेत म्हणून, आता नाहीत म्हणता येणार नाही, सबब कायद्याच्या दृष्टीने हे घर झपाटलेलं आहे. भुतं असतात की नाही यात कोर्ट पडलंच नाही. घेणाऱ्याला सौदा मोडायची वाट मोकळी झाली. अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या मुलांना ही केस अजून वर्गात शिकवतात.