शुद्ध पाण्याच्या कंडक्टिव्हिटी (वीजवाहकता) मीटरमधलं टेम्परेचर कॉम्पेन्सेशन, म्हणजे रीडिंग २५ अंशांवर किती असतं ते मीटरनेच हिशेब करून दाखवणं, बंदच ठेवावं का?

वाळूजचा क्यूसीवाला:
मे महिन्यातली गोष्ट. आमच्या औषध कारखान्यात प्युरिफाइड वॉटरच्या रिटर्न लाइनवर मीटर १.३३ मायक्रोसीमेन्स दाखवत होतं. पाणी ३५ अंशांवर, युएसपी या अमेरिकी औषध मानकग्रंथाच्या तक्त्यात त्या तापमानाची मर्यादा १.५. पास म्हणून सही झाली. नंतर सेटिंग उघडून पाहिलं तर दर अंशाला २ टक्क्यांचं कॉम्पेन्सेशन चालू! खरं रीडिंग १.६ मायक्रोसीमेन्स, म्हणजे चाचणीच्या पहिल्या पायरीलाच नापास. युएसपीच्या ६४५ व्या प्रकरणात ही पायरी कॉम्पेन्सेशनशिवाय करायला सांगितली आहे. तापमान वाढलं की मर्यादा वाढते, हे तक्त्यातच धरलेलं आहे. मीटरने तीच सूट पुन्हा कशाला द्यायची? शुद्ध पाण्याच्या प्रत्येक मीटरमधून कॉम्पेन्सेशन कायमचं काढून टाकावं, असं माझं ठाम मत आहे.

परळीचा केमिस्ट:
भाऊ, औषधाच्या पाण्याला तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण ‘प्रत्येक मीटर’ म्हणू नका. आम्ही बॉयलरचं पाणी बघतो. नमुना २५ अंशांवर आणायचा असतो, पण आपल्याकडं उन्हाळ्यात कूलिंग वॉटरच ३२-३३ अंशांचं येतं. नमुना त्याच्याखाली जाणार कसा? दुपारी आकडा चढतो, पहाटे उतरतो. कंडेन्सरची (वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राची) ट्यूब गळून कूलिंग वॉटर मिसळायलंय की नुसतं ऊन वाढलंय, हे शिफ्टवाल्यानं कशावरून ओळखायचं?

वाळूजचा क्यूसीवाला:
पण कॉम्पेन्सेशन हा शेवटी अंदाजच ना? पाण्यात कोणते आयन (विद्युतभारित कण) आहेत हे मीटरला कुठं माहीत असतं?

परळीचा केमिस्ट:
अंदाज चुकीचा निवडला तर घोटाळा होणारच. २ टक्क्यांचं गणित मिठाच्या पाण्याचं आहे. निव्वळ शुद्ध पाणी २५ अंशांच्या आसपास दर अंशाला ५ टक्क्यांहून जास्त बदलतं, कारण तापलं की पाण्याचे रेणूच जास्त फुटून आयन होतात. २५ अंशांना ०.०५५ मायक्रोसीमेन्स असलेलं पाणी ४० अंशांना ०.११३ होतं. त्याला २ टक्के लावले तर मीटर ०.०८७ दाखवणार, आणि चांगलं पाणी खराब ठरणार. थंडीत उलटं: १० अंशांना ०.०२३ असतं, ते ०.०३३ दिसतं. २५ अंशांना इतकं कमी कुठलंच पाणी असू शकत नाही! कॅटायन कॉलममधून (धन आयन काढून त्यांच्या जागी हायड्रोजन आयन सोडणाऱ्या रेझिनच्या नळ्यातून) आलेलं पाणी तर किंचित आम्ल असतं, त्याचं गणित आणखी वेगळं. म्हणून काढून टाकू नका, योग्य ते निवडा.

जालन्याचा इन्स्ट्रुमेंटवाला:
मी क्यूसीवाल्या दादांच्या बाजूनं. तापमानाचा सेन्सर २ अंश चुकला तर शुद्ध पाण्याच्या गणितात आकडा १० टक्क्यांच्या आसपास हलतो. कच्च्या रीडिंगला धक्का लागत नाही. शिवाय लॉगबुकात फक्त कॉम्पेन्सेटेड आकडा लिहिला, तर सहा महिन्यांनी सेटिंग चुकीचं होतं असं कळूनही मूळ रीडिंग कुठून आणणार? कच्चं रीडिंग आणि तापमान लिहिलेलं असेल तर हिशेब कधीही पुन्हा मांडता येतो.

परळीचा केमिस्ट:
बरोबर, पण रात्री दोन वाजता युनिट चालू असताना हिशेब मांडायला वेळ नसतो. तेव्हा एकच आकडा बघून निर्णय घ्यावा लागतो.

वाळूजचा क्यूसीवाला:
‘प्रत्येक मीटर’ हा शब्द मागे घेतो. ज्या मीटरवर पास-नापास ठरतं, तिथलं मत मात्र बदलणार नाही. तुमच्या ट्रान्समीटरवर कच्चं रीडिंग दिसतं का?

परळीचा केमिस्ट:
दुसऱ्या ओळीला दिसतं. उद्यापासून तेही लॉगबुकात घेतो. अलार्म मात्र कॉम्पेन्सेटेडवरच राहील.