मदत हवी आहे: युरोप-अमेरिकेच्या साखर कोट्यातला फायदा उसापर्यंत येतो का?

नमस्कार मंडळी,

शिरोळ तालुक्यात आमचा घरचा ऊस आहे. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत निर्यातीवर लेखी प्रश्न द्यायचा आहे. तो मुद्देसूद व्हावा म्हणून साखर निर्यातीत काम केलेल्यांची मदत हवी आहे.

भारताच्या ठरावीक साखरेवर युरोपीय संघ आयात शुल्क घेत नाही. हा कोटा वर्षाला 10,000 टनांचा होता. ब्रिटन बाहेर पडल्यावर त्याची वाटणी झाली आणि संघाकडे 5,841 टन उरले. कोट्याबाहेरच्या पांढऱ्या साखरेला टनामागे 419 युरो शुल्क आहे, म्हणजे तिकडचं दार बंदच. अमेरिकेचाही साडेआठ हजार टनांच्या आसपास कोटा आहे, तो कच्च्या साखरेचा. 1 जून 2022 पासून केंद्राने साखर निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा हे दोन्ही कोटे त्यातून वगळले होते.

(विकसनशील देशांना मिळणारी सर्वसाधारण शुल्कसवलत हे वेगळं प्रकरण. अमेरिकेने 5 जून 2019 ला भारताला त्यातून काढलं. कृपया दोन्हींची गल्लत नको, मागे एका चर्चेत तेच झालं.)

आकडा लहान आहे हे मान्य. रोज 5,000 टन गाळप आणि 11 टक्के उतारा (उसातून निघणारी साखर) धरला तर एकच कारखाना दिवसाला 550 टन साखर काढतो. अख्ख्या देशाचा युरोप कोटा त्याच्या अकरा दिवसांत भरेल. यातून उसाचा दर वाढेल असं मी म्हणत नाही. पण ही सवलत भारताच्या नावावर मिळते, तर ती कुणाच्या खिशात जाते हे सभासदाला कळलंच पाहिजे.

शुल्क भरतो तिकडचा आयातदार, त्यामुळे माफीही आधी त्यालाच मिळते. त्यातलं किती आपल्या दरात परत येतं? 2017 मध्ये युरोपने स्वतःच्या साखर उत्पादनावरच्या मर्यादा (उत्पादन कोटे) रद्द केल्या, त्यानंतर तिकडे जादा दर उरला आहे का? कुणी असा सौदा केला असेल तर त्याच आठवड्याच्या लंडनच्या साखर बाजारातल्या भावापेक्षा किती जास्त मिळाले ते सांगा.

दुसरं, अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था) शिफारशीवर डीजीएफटीचं (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) मुंबई कार्यालय मूळ देशाचा, म्हणजे साखर भारतातली असल्याचा दाखला देतं. ही शिफारस सहकारी कारखाना थेट मिळवू शकतो, की व्यापारी निर्यातदारामार्फतच जावं लागतं? माझ्या दृष्टीने सगळं इथेच अडतं. राज्याच्या 2013 च्या ऊस दर कायद्यानुसार साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा उसाचा. जादा पैसे कारखान्याच्या खात्यात आले तर ते त्या हिशेबात येतील. व्यापाऱ्याने कारखान्यातून नेहमीच्या भावाने साखर उचलली, तर फरक त्याच्याकडेच राहील.

ताळेबंदात हे कुठल्या शीर्षाखाली शोधायचं, आणि सभासद म्हणून निर्यातीचे करार पाहायला मागता येतात का, हेही कुणी सांगितलं तर प्रश्न त्याप्रमाणे लिहितो.