खालच्या थरात काय आहे? आर्ट जर्नल ठेवणाऱ्यांचे अनुभव

परवा कपाट आवरताना वरच्या फळीवरची माझी जुनी वही खाली पडली. पडली ती पाठीवर, आणि मधल्याच एका पानावर चिकटवलेलं होडीचं चित्र टपकन सुटलं. त्याच्या खाली माझंच अक्षर. बहिणीशी झालेल्या एका भांडणाबद्दल पानभर, घाईघाईत, काही शब्द तर कागद फाटेस्तोवर दाबून लिहिलेले. होडी चिकटवलेली मला पक्की आठवत होती. तिच्याखाली काय होतं, हे मात्र साफ विसरले होते.

त्यावरूनच हा धागा सुचला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आर्ट जर्नल म्हणजे एक वही. तीत लिहिणं, रंगवणं, चिकटवणं, फाडणं, शिवणं असं सगळं एकाच पानावर चालतं. मिक्स्ड मीडिया हे त्याचं भारदस्त नाव. चित्रकला येण्याची अट नाही. मला माणूस काढता येत नाही, माझी सगळी माणसं पाठमोरी असतात.

तुमच्या वहीतल्या एका पानाबद्दल लिहा. वर काय दिसतं आणि खाली काय दडलंय तेही. साहित्याच्या फजित्याही चालतील.

*

पहिला नंबर माझा. दिवसभर आकड्यांत काम करतो. वही सुरू केली ती डॉक्टरांनी झोपेच्या तक्रारीवर 'काहीतरी लिहीत जा' म्हटलं म्हणून. लिहायचो, आणि दुसऱ्या दिवशी वाचून स्वतःचीच लाज वाटायची. पानं फाडून टाकायचो. मग कुणीतरी जेसो दाखवला. जेसो म्हणजे अ‍ॅक्रिलिकमध्ये खडूसारखी पूड आणि पांढरा रंग कालवलेला लेप. खरं तर कॅनव्हासला रंग धरावा म्हणून तो आधी लावतात. मी लावतो नंतर, लिहून झाल्यावर.

लेपाच्या एका हाताने अक्षरं पूर्ण जात नाहीत. धुक्यातून दिसावीत तशी दिसत राहतात. दुसऱ्या हाताला जातात. मला एकच हात आवडतो. काय लिहिलं होतं ते मला कळतं, इतरांना फक्त करड्या रेषा दिसतात. आता पानं फाडत नाही.

*

वरच्या प्रतिसादावरून: झाकलेलं कायमचं जात नाही, याचं एक नामी उदाहरण आहे. आर्किमिडीजच्या ग्रंथाची दहाव्या शतकातली एक चर्मपत्रावरची प्रत होती. 1229 मध्ये कुणीतरी ती खरवडून, पानं आडवी करून तिच्यावर प्रार्थनापुस्तक लिहिलं. चर्मपत्र महाग असायचं, त्यामुळे तेव्हा ही नेहमीची पद्धत. 1998 नंतर वेगवेगळ्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन आणि क्ष-किरण वापरून खालचा मजकूर वाचला गेला. तेव्हा जेसोच्या भरवशावर साहेबांबद्दल काहीही लिहू नका!

*

माझा अनुभव फजितीचाच आहे, पण हसण्यासारखा नाही.

वडील गेल्यावर वर्षभराने त्यांचं एक पत्र वहीत लावायचं ठरवलं. मी वसतिगृहात असताना आलेलं, शाईच्या पेनाने लिहिलेलं. पान छान तयार केलं होतं. त्यांच्या सदऱ्याचा चौकड्यांचा तुकडा कडेने शिवला, मागे फिकट निळा रंग दिला. मग पत्र ठेवलं आणि वरून ब्रशने मीडियम, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचा बिनरंगी पातळ लेप, फिरवलं, कागदाला संरक्षण मिळावं म्हणून. दुसऱ्या फटकाऱ्यालाच निळं पाणी ब्रशमागे ओढलं जायला लागलं. 'काळजी' या शब्दातला ळ माझ्यासमोर विरघळला. मी घाबरून टिपकागद दाबला, तर उरलेली अर्धी ओळ त्या कागदावर उलटी उमटली.

शाईच्या पेनाची साधी शाई पाण्यात सुटते आणि मीडियममध्ये पाणी असतं. हे मला माहीत होतं. हात चालला तेव्हा डोकं चाललं नाही. बॉलपेनची शाई तेलकट असल्यामुळे सहसा टिकते. तरी अस्सल कागद कधीच लावू नका, झेरॉक्स काढा आणि ती लावा. झेरॉक्सची काळी पूड उष्णतेने कागदावर बसवलेली असते, ती पाण्याने हलत नाही.

पान तसंच आहे. तो टिपकागदही शेजारी लावलाय. आरसा धरला की वाचता येतो.

*

ताई, वाचून हात थांबला. टिपकागद ठेवलात ते फार बरं केलंत.

*

मी सोडलं, हे सांगायला आले. धाग्यात एक तरी असा अनुभव हवा.

सहा महिने नुसते व्हिडिओ बघितले. त्यांत एक हात येतो, नखं स्वच्छ, ब्रश बुडवतो, आणि तीन मिनिटांत पान असं होतं की पोस्टर करावं. मग मी शिक्के, स्टेन्सिल, धातूची चमक असलेले रंग, नक्षीचे कागद, नक्षीच्या चिकटपट्ट्या असं सगळं गोळा केलं. वहीत भरलेली पानं अकरा. अकराही पानांवर दुसऱ्याच कुणाचं तरी मन मोकळं झालेलं. साहित्य पुतणीला दिलं. ती शिक्के भिंतीवर मारते.

आता साध्या वहीत फक्त लिहिते आणि सुखी आहे. ज्यांना जमतं त्यांचं कौतुक वाटतं, पण 'सगळ्यांनी करून पाहाच' ही भाषा मला पटत नाही.

*

वरच्या बाईंशी निम्मी सहमत. दाखवण्यासाठी केलेलं पान मलाही पोकळ वाटतं. पण त्यावर सोडून देणं हा एकच उपाय नाही. मी स्वतःला नियम घातला: वहीचा फोटो काढायचा नाही. चार वर्षं पाळलाय. पहिले दोन महिने चुकल्यासारखं व्हायचं, हात आपसूक फोनकडे जायचा. नंतर पानं कुरूप व्हायला लागली आणि तिथून मजा सुरू झाली.

*

समुपदेशनाचं काम करतो, म्हणून दोन गोष्टी. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटं लिहायला सांगितलं. काहींना मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल, काहींना किरकोळ विषयावर. ज्यांनी प्रसंग आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिल्या, ते लिहून झाल्यावर लगेच जास्त उदास होते. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. 'लिहिल्यावर मोकळं वाटायलाच हवं' असं धरून बसणाऱ्यांसाठी यातला पहिला भाग महत्त्वाचा आहे.

दुसरा अभ्यास 2016 चा, गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा. 39 प्रौढांनी 45 मिनिटं चिकणमाती, रंगीत पेनं, कोलाज यांपैकी हवं ते केलं आणि सुमारे 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, खाली आलं. चित्रकलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही. पण माणसं थोडी, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. 45 मिनिटं शांत बसूनही काही जणांचं उतरलं असतं. तेव्हा या आकड्यावर फार इमले बांधू नयेत. आणि ज्यांना लिहिताना जुना प्रसंग अंगावर येतो, झोप उडते, त्यांनी वहीच्या भरवशावर न राहता कुणाची तरी मदत घ्यावी.

माझी स्वतःची वही? आहे. तिच्यात सगळे डोंगर आहेत. कारण विचारू नका.

*

मी तिकिटं चिकटवतो. प्रवासाची, नाटकाची, पार्किंगची, वजनकाट्याची. बायको याला कचरा म्हणते. मी तिला सांगतो, कुर्ट श्विटर्स नावाच्या जर्मन कलावंताने 1919 पासून हेच केलं. तिकिटं, वेष्टनं, रस्त्यावरचे कपटे. त्याने आपल्या कामाला 'मेर्त्स' नाव दिलं, तेही 'कोमेर्त्स' (व्यापार) या छापील शब्दाचा कापलेला तुकडा होता. बायको म्हणते, तो कचरा संग्रहालयात गेला, तुझा माळ्यावर जाणार.

पण खरी ठेच वेगळी आहे. माझी बारा-पंधरा पानं आज कोरी आहेत. हल्लीची बरीच तिकिटं आणि पावत्या थर्मल कागदावर असतात. त्यात शाई नसतेच, कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो. उन्हाने, वेळेने आणि काही गमांनीही ती अक्षरं उडतात. मला मुलीच्या जन्माच्या दिवशीची पार्किंगची पावती जपायची होती, वेळ पहाटे 3:40. आज तिथे पांढरी पट्टी आहे. तिच्यावर मी बॉलपेनने 3:40 लिहिलंय.

वर्तमानपत्राचं उलट. अक्षर राहतं, कागद जातो. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो पिवळा, मग तपकिरी होतो. मला तो रंग आवडतो, त्यामुळे तक्रार नाही.

*

उजवा हात दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने गेला. आता थोडा परतलाय, पण कात्री धरवत नाही. फिजिओथेरपीत चेंडू दाबून दाबून कंटाळा आला, तेव्हा भाचीने जुनी मासिकं समोर टाकली. फाड म्हणाली.

फाडण्यात एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं. कागदालाही धागा असतो, लाकडाला असतो तसा. त्या दिशेने फाडला की सरळ चिरत जातो, आडवा फाडला की वाट्टेल तसा वळतो. आणि छापील जाड कागद असेल तर एक अर्धा आपल्याकडे ओढला की त्याच्या कडेला पांढरी किनार सुटते, दुसऱ्या अर्ध्याला सुटत नाही. ती किनार मला लाटेच्या फेसासारखी दिसली. पहिलं पान समुद्र झालं ते असं. डाव्या हाताने पान दाबायचं, उजव्या चिमटीने ओढायचं. एका लाटेला दहा मिनिटं.

मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिने शेवटची साधारण दहा वर्षं अशीच एक वही ठेवली होती, शाई, रंग, शब्द सगळं एकात. डागांचे चेहरे व्हायचे. 1953 मध्ये तिचा पाय कापावा लागला, आणि वहीत पाय येत राहिले. मी तिच्याशी तुलना करत नाही, देवा. पण माझ्याही वहीत हात येतात. बहुतेक मासिकातल्या जाहिरातींतले, अंगठ्या घातलेले.

खाली काय आहे विचारलंत. काही नाही. माझ्या वहीत फक्त वरचा थर आहे.

*

काम करताना रडवणाऱ्या गोष्टी, घाईत:

अ‍ॅक्रिलिक हाताला कोरडं लागलं तरी आतून पुरतं बसायला वेळ घेतं. वही मिटली की समोरासमोरची पानं एकमेकांना धरतात, उघडताना एकीची कातडी दुसरीवर. मध्ये बटर पेपर ठेवा. मेणाच्या खडूवर जलरंग मुद्दाम फिरवा, मेण पाणी झटकतं आणि रेघ उजळते. पण मेणावर अ‍ॅक्रिलिक नको, पापुद्रा निघतो. जलरंगावर परत पाणी लागलं की तो परत जागा होतो, अ‍ॅक्रिलिक वाळलं की मेलं. हा एक फरक डोक्यात बसला की निम्मे घोळ टळतात.

आणि वही फुगते. प्रत्येकाची फुगते. सुरुवातीलाच दर दोन पानांनंतर एक पान शिवणीपासून बोटभर सोडून कापून टाका, म्हणजे चिकटवलेल्याला जागा होते. मी पहिल्या वहीला रबर लावून बांधायचे, शेवटी रबरच तुटलं.

*

आमच्या घरात कुलूप लागेल असा खण नाही आणि माणसं सहा. माझं लिहिलेलं एकदा जेवताना मोठ्याने वाचलं गेलं होतं. मी तेव्हा चौदाची. त्यानंतर पंधरा वर्षं एक ओळ लिहिली नाही.

आता अशी लिहिते: पान भरून लिहायचं, मग वही आडवी करून त्याच ओळींवर पुन्हा लिहायचं, मग उलटी करून तिसऱ्यांदा. तिसऱ्या फेरीनंतर ते लिखाण राहत नाही, जाळी होते, विणल्यासारखी. त्या जाळीवर रंगाचं पातळ पाणी सोडते. घरात सगळ्यांना वाटतं मी नक्षी काढते. सासूबाईंनी तर एक पान चौकटीत लावून मागितलं. दिलं. दिवाणखान्यात आहे. त्यात त्यांच्याबद्दल काय काय आहे ते फक्त मला ठाऊक.

*

हाहाहा! कुणी तो वेगवेगळ्या प्रकाशवाला कॅमेरा घेऊन तुमच्याकडे पाहुणा म्हणून न येवो.

*

धागाकर्तीला एक प्रश्न: होडी कशाने चिकटवली होती? चांगला गम एवढ्या सहज सुटत नाही.

*

गम स्टिकने. तेव्हा कळत नव्हतं. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, टिपकागदाचा चारदा.

बहिणीला पान दाखवू का, असं एकदा मनात आलं. नाही दाखवलं. भांडणात चूक माझीच होती, हे आता वाचताना कळलं, तेव्हा लिहिताना अजिबात कळलेलं दिसत नाही. होडी परत लावली, या वेळी पांढऱ्या गमाने. तीनच बाजूंनी लावलीय. खालची कड मोकळी आहे.