मदत हवी आहे: खंडणीचा गुन्हा, मोबाइलची मागणी आणि माहिती देणाऱ्या व्यक्तीची सुरक्षितता

नमस्कार. येथे वकिली व पत्रकारिता करणारे, तसेच पोलीस तपासाचा अनुभव असलेले बरेच सदस्य आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. मी राज्यातील एका आदिवासीबहुल तालुक्यातून साप्ताहिक चालवतो. जिल्हा, संस्था आणि व्यक्ती यांची नावे मी देणार नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम बदललेले आहेत; कृपया अंदाजाने कोणाचीही नावे प्रतिसादांत लिहू नयेत. प्रश्न असा आहे की, माझ्यावर खंडणीचा गुन्हा दाखल झाला आहे, त्या तपासासाठी पोलीस माझा मोबाइल मागत आहेत आणि मला माहिती देणाऱ्या व्यक्तीची ओळख त्याच मोबाइलमध्ये आहे. गुन्ह्याचा निकाल न्यायालयात लागेल तो लागेल. ती व्यक्ती मात्र उघडी पडता कामा नये.

बातमी एका अनुदानित आश्रमशाळेची होती. निवासी विद्यार्थ्यांना शाळेच्या वेळेत संस्थाध्यक्षांच्या शेतात कापूस वेचायला नेले जात होते आणि हजेरीपटावर त्याच तासांना त्यांची हजेरी लागत होती. नकार देणाऱ्या मुलांना रात्री जेवण न देणे, ओणवे उभे करणे, काठीने मारणे हे प्रकार चालत. त्याच शाळेतील एका कर्मचारी व्यक्तीने मला हजेरीपटाच्या पानांची आणि शेतात वाकलेल्या मुलांची छायाचित्रे पाठवली. आम्ही मुलांचे चेहरे पुसले, एकाही मुलाचे वा गावाचे नाव दिले नाही, शाळेचे नावही छापले नाही, फक्त संस्थाध्यक्षांचे दिले. एका छायाचित्राची कडा कापावी लागली, कारण तिथे अशी एक वस्तू दिसते की शाळेत रोज वावरणारा कोणीही ते कुठून टिपले आहे हे क्षणात सांगेल. ते न कापलेले मूळ छायाचित्र माझ्या मोबाइलमध्ये आहे, आणि सगळी चिंता त्याचीच आहे.

बातमी छापून येण्याआधी मी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला लेखी कळवले होते आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. संस्थाध्यक्षांची बाजू विचारली होती. ती त्यांनी दिली नाही. बातमीनंतर प्रकल्प कार्यालयाचे पथक शाळेत येऊन गेले, पण त्या दिवशी सगळी मुले वर्गात होती, हे सांगायला नको.

त्यानंतर आमच्याकडे जे सुरू झाले ते तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांना नवे वाटणार नाही. छापखान्याने उधारी एकदम मागितली, सहकारी संस्थेच्या जाहिराती बंद झाल्या, भावाचे सोसायटीचे पीककर्ज काहीही कारण न देता अडले. अब्रूनुकसानीची नोटीस आली असून तिच्यात मागितलेली रक्कम आमच्या साप्ताहिकाने आजवर कमावलेल्या रकमेहून मोठी आहे. हे सगळे सोसता येईल.

खंडणीचा गुन्हा मात्र फार विचारपूर्वक रचलेला आहे. दरवर्षीप्रमाणे वर्धापनदिन विशेषांकासाठी आमच्या कार्यालयातून जाहिरातीचे दरपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवरून तालुक्यातील सर्व जुन्या जाहिरातदारांना एकाच वेळी गेले होते. त्यांत ही संस्थाही होती, कारण मागील काही विशेषांकांत तिने शुभेच्छांची जाहिरात दिली होती. तक्रारीत तेच दरपत्रक जोडून असे म्हटले आहे की, मी जाहिरातीच्या नावाखाली पैसे मागितले आणि ते न मिळाल्याने बदनामीकारक बातमी छापली. बातमी दाबण्यासाठी पैसे उकळणारी काही साप्ताहिके आणि यूट्यूब वाहिन्या आपल्याकडे खरोखरच आहेत, त्यामुळे अशी तक्रार ऐकणाऱ्याला चटकन पटते. पोलीस ठाण्यात मला पहिला प्रश्न विचारला गेला तो अधिस्वीकृतीपत्रिका (पत्रकार म्हणून सरकारी मान्यतेचे ओळखपत्र) आहे का, हा. ती माझ्याकडे नाही.

तक्रारीत बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ देखील लावले आहे. हे कलम पीडित बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा त्याची ओळख पटेल असा अन्य तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई करते. तक्रारदाराचे म्हणणे असे की, अध्यक्षांचे नाव छापले म्हणजे शाळा कळली आणि शाळा कळली म्हणजे मुले कळली. मुलांच्या संरक्षणासाठी केलेल्या कलमाआड संस्थाध्यक्षच उभे राहिले आहेत.

मी स्वतः जे वाचले ते येथे नोंदवतो, म्हणजे तेच पुन्हा सांगण्याचे श्रम कोणाला पडू नयेत. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१९ मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडून तपास अशी तरतूद आहे. तो मारहाण आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी आहे. खोट्या फिर्यादीपुढे त्याचा उपयोग मला दिसत नाही. तो लागू असतानाच फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे यांना बातमी छापून आली त्याच दिवशी गाडीखाली चिरडण्यात आले. माझ्या घरचे लोक रोज त्यांचेच नाव काढतात.

माझ्या प्रसंगाला सर्वांत जवळचे उदाहरण २०१९ मधले मिर्झापूरचे आहे. तेथील प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजनात मुलांना मीठ-पोळी वाढली जात असल्याची चित्रफीत पवन जायस्वाल या पत्रकाराने टिपली आणि गुन्हा त्यांच्यावरच दाखल झाला: कट, फसवणूक, सरकारी कामात अडथळा. वृत्तपत्राच्या बातमीदाराने छायाचित्र काढायचे सोडून चित्रफीत का काढली, असा सवाल जिल्हाधिकाऱ्यांनी केला होता. प्रेस कौन्सिलने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच वर्षी पोलिसांनी जायस्वाल यांना निर्दोष ठरवले. तेथे सरकारी यंत्रणा अडचणीत होती आणि देशभर गाजावाजा झाला होता. आमच्या तालुक्याची बातमी जिल्ह्याबाहेर गेलेली नाही.

माझे प्रश्न असे आहेत. पोलिसांनी मोबाइल हजर करण्याची लेखी नोटीस दिली आहे. नकार दिल्यास अटकेला निमित्त मिळेल का? पासवर्ड देणे बंधनकारक आहे का? माहितीचा स्रोत उघड न करण्याचा पत्रकाराचा हक्क भारतीय कायद्यात नेमका कुठे आहे? आणि त्या कर्मचारी व्यक्तीला, तिचे नाव कुठेही न येता, काही संरक्षण मिळवून देता येईल का? मोबाइलमधील ती छायाचित्रे पुसून टाक, असा सल्ला जवळच्या अनेकांनी दिला आहे. मी अद्याप काहीही पुसलेले नाही.

प्रतिसाद

धागाकर्ते, मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. आपल्या वकिलांनी कागदपत्रे पाहिली आहेत आणि मी ती पाहिलेली नाहीत, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

काहीही पुसू नका, ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुरावा म्हणून हजर करावा लागेल असा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. आज आपल्यावर रचलेला खटला आहे. पुसलेत तर खराखुरा खटला त्यांच्या हाती द्याल. शिवाय तेच दरपत्रक त्याच मिनिटाला इतर जाहिरातदारांनाही गेले होते हे दाखवणारा पुरावा याच मोबाइलमध्ये आहे. त्या जाहिरातदारांपैकी दोघातिघांची प्रतिज्ञापत्रे आताच करून घ्या. पुढे दबाव वाढला की तेच लोक फोन उचलणार नाहीत.

त्याच संहितेतील खंडणीच्या कलम ३०८ च्या ज्या पोटकलमाखाली असे गुन्हे बहुधा नोंदवले जातात, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र आहे. तरीही सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा अर्नेश कुमार प्रकरणातील निर्देश आपल्या बाजूने आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे अटक न करता चौकशीला बोलावणारी, नोटीस आल्यास वेळेवर हजर राहा आणि हजर राहिल्याची नोंद मागून घ्या. त्यासोबतच त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात करा. मोबाइल जप्त करायचा असल्यामुळे कोठडीतील चौकशी आवश्यक आहे, असे सरकारी वकील तेथे हमखास म्हणतील. त्यावर, मोबाइल आम्ही मोहोरबंद करून न्यायालयात जमा करण्यास तयार आहोत, मात्र तपासणी तक्रारदाराशी झालेल्या संभाषणापुरती आणि दरपत्रकापुरती मर्यादित ठेवावी, अशी विनंती आपणच अर्जात केलीत तर ते कारण लंगडे पडते. ही विनंती मान्य होईलच असे नाही, पण नकार देऊन बसण्यापेक्षा ती न्यायालयाला अधिक रास्त वाटते.

जप्ती झालीच तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे तिचे दृक्श्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे. पंचनाम्यात यंत्राचा आयएमईआय क्रमांक आणि माहितीची प्रत काढतानाचे हॅश मूल्य (त्या माहितीचा जणू अंकी ठसा) नोंदवण्याचा आग्रह धरा, म्हणजे नंतर त्यात कोणी काही घातले वा काढले तर ते दाखवता येईल. पासवर्डबाबत उच्च न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चा, म्हणजे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही हा, मुद्दा लेखी नोंदवा आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पासवर्ड देणार नाही, असे नम्रपणे कळवा. पत्रकारांची उपकरणे जप्त करण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे हवीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारला बजावले होते आणि त्या वेळी पत्रकारांच्या स्रोतांचा स्पष्ट उल्लेख झाला होता. त्याचा आधार अर्जात घ्यावा.

स्रोत न सांगण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्या कायद्यात लिहिलेला नाही. प्रेस कौन्सिल अधिनियम, १९७८ च्या कलम १५(२) मध्ये तो आहे, पण तो कौन्सिलपुढील कामकाजापुरता. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबाबतच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्रोतांचे संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट मानली. आपला युक्तिवाद त्याच वाक्यावर उभा करावा लागेल.

कलम ७४ विषयी घाबरू नका, पण ते हलकेही घेऊ नका. बंदी बालकाची ओळख उघड करण्यावर आहे आणि निवासी शाळेत मुले पुष्कळ असल्याने आपल्या बातमीतून एखादे विशिष्ट मूल ओळखता येते का, हा खरा प्रश्न आहे. ‘पोक्सो’च्या (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम २३ खाली कर्नाटकातील एका संपादकावर असाच खटला झाला होता; त्या कलमाखालील गुन्ह्याचा तपास करण्यासाठी दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते का, यावर मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरोधी पडली. त्या प्रकरणात मुलीचे नावच छापले गेले होते. आपण चेहरे पुसलेत, हा फरक ठळकपणे मांडा.

अब्रूनुकसानीच्या नोटिशीला मुदतीत उत्तर द्या, तिच्यापायी झोप घालवू नका. फौजदारी फिर्याद झाली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना आपले म्हणणे ऐकावे लागते. दिवाणी दाव्यात एकतर्फी मनाईहुकूम मागितला गेला, तर असे हुकूम सहजासहजी देऊ नयेत असे सांगणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या ब्लूमबर्ग विरुद्ध झी या मार्च २०२४ च्या निकालाची प्रत जवळ असू द्या.

धागाकर्त्याचे उत्तर

आपण एवढे सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. प्रतिज्ञापत्रांचे काम सुरू केले आहे. एका किराणा दुकानदाराने होकार दिला, एका पतसंस्थेने स्पष्ट नकार दिला. मोहोरबंद मोबाइल न्यायालयात जमा करण्याची कल्पना आमच्या वकिलांनाही पटली आहे आणि अटकपूर्व जामिनाचा अर्ज त्याच धर्तीवर तयार होत आहे.

त्या कर्मचारी व्यक्तीविषयीचा माझा प्रश्न मात्र तसाच उरला आहे. जागल्यांच्या (गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा २०१४ चा केंद्रीय कायदा संमत होऊनही अंमलात आणला गेलेला नाही, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो, पण त्या समितीवर जिल्ह्याचे पोलीस प्रमुखही असतात आणि धोक्याचा अहवाल पोलीसच तयार करतात. शिवाय संरक्षण साक्षीदाराला मिळते. मुलांच्या छळाचा गुन्हाच अजून नोंदलेला नसताना ही व्यक्ती साक्षीदार तरी कोणत्या खटल्यातली म्हणायची?

म्हणून आमचा विचार असा चालला आहे की, आधी बाल कल्याण समितीकडे आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे मुलांच्या छळाची तक्रार साप्ताहिकाच्या नावाने करावी, बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खाली (बालकाशी क्रूर वागणूक) गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा आणि मूळ छायाचित्र मोहोरबंद पाकिटात थेट न्यायालयाला द्यावे. आयोगापुढे स्रोताचे नाव न सांगता अशी तक्रार कोणी चालवली आहे का? आयोगाने पुरावा मागितल्यावर तो संस्थेलाही पाहायला मिळतो का? ज्यांना या कामकाजाचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी व्यक्तिगत निरोपातून लिहिले तरी चालेल. त्या व्यक्तीची नोकरी अद्याप सुरू आहे आणि ती रोज त्याच शाळेत जाते, एवढे ध्यानात ठेवून उत्तर द्यावे ही विनंती.