‘खांदा’ म्हणजे नेमका कुठला भाग? अंसमेखला, फरा आणि आखडलेला खांदा

प्रश्न

मी नाशिकमध्ये रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांचे मराठीकरण करते. ‘शोल्डर गर्डल’साठी, म्हणजे हाताला धडाशी जोडणाऱ्या खांद्याच्या हाडांच्या घेरासाठी, पुस्तकांत ‘अंसमेखला’ हा शब्द दिसतो, परंतु दिंडोरीच्या द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्या बाईंना तो कळणार नाही. त्याऐवजी नुसते ‘खांदा’ लिहिले तर चालेल का? तसेच ‘फ्रोझन शोल्डर’ला ‘गोठलेला खांदा’ म्हणावे का?

उत्तर

नुसते ‘खांदा’ लिहून भागणार नाही, कारण मराठीतला खांदा हाडांवरून ठरलेला नाही, तो ओझ्यावरून ठरलेला आहे. मी गेली अनेक वर्षे याच शहरात फिजिओथेरपीचे काम करतो, आणि ‘खांदा दुखतो’ असे सांगणाऱ्या प्रत्येकाला मी आधी बोट ठेवून जागा दाखवायला सांगतो. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर हात वर करून कात्री चालवणाऱ्या एका बाईंनी मान आणि खांद्याचे टोक यांच्यामधल्या उतारावर आख्खा तळवा ठेवला. त्याच दिवशी आलेल्या एका गृहस्थांनी दंडाच्या बाहेरच्या बाजूवर, जिथे लहानपणी लस टोचतात तिथे, बोट ठेवले आणि ‘खांद्याला काही नाही, दंड दुखतो’ असे ठासून सांगितले. प्रत्यक्षात बाईंचा सांधा निरोगी होता, मानेकडून येणारा स्नायू तेवढा ताठरला होता. आणि दंड दाखवणाऱ्या गृहस्थांचा बिघाड मात्र खांद्याच्या सांध्याभोवतीच्या स्नायुबंधात होता, कारण त्या जागेची कळ बहुतेक वेळा दंडावरच जाणवते. माहितीपत्रकात ‘खांदा दुखत असल्यास’ एवढेच छापले असते, तर ते वाचून त्या गृहस्थांनी ते आपल्यासाठी नाही असे समजून बाजूला ठेवले असते.

‘स्कंध’ या संस्कृत शब्दापासून प्राकृतातल्या ‘खंध’मार्गे ‘खांदा’ आला, आणि झाडाची ‘खांदी’ही त्याच घरातली आहे. झाडाचा स्कंध म्हणजे खोडाचा तो भाग, जिथून फांद्या फुटू लागतात. माणसाच्या बाबतीत मात्र बोलीने हा शब्द ओझे टेकण्याच्या जागेशी पक्का बांधून टाकला. तिरडीला खांदा देतात, पालखीचे खांदेकरी असतात, कोजागरीला सप्तशृंगगडावर नद्यांचे पाणी नेणारे कावडीवाले वाटेत खांदा बदलतात, आणि मंत्रिमंडळातल्या ज्या ‘खांदेपालटा’च्या बातम्या आपण वाचतो तो शब्दही मुळात ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेण्याचाच आहे. या सगळ्या ठिकाणी दांडा टेकतो तो मानेलगतच्या स्नायूच्या उतारावर. सांधा त्याच्याही बाहेर, टोकाला राहतो. बैलाकडे पाहिले तर हे अधिकच स्पष्ट होते. बैलाचा खांदा म्हणजे वशिंडाच्या पुढची, मानेवरची, जू टेकण्याची जागा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद आणि लोणी लावून चोळतात ती हीच, आणि जू घासून येणारी खांदसूजही हिच्यावरच. पुढच्या पायाचा सांधा तिथून चांगलाच खाली असतो, आणि त्याला कोणी खांदा म्हणत नाही.

कमरेच्या बाबतीत आपली भाषा अधिक काटेकोर आहे. ‘कंबर’ हा सगळा घेर, आणि ‘खुबा’ हा मांडीच्या हाडाचा सांधा, अशी वाटणी खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसालाही ठाऊक असते. वरच्या बाजूला मात्र घेर, सांधा आणि ओझ्याची जागा या तिन्हींना ‘खांदा’ हा एकच शब्द पुरवावा लागतो. आपली अडचण इथून सुरू होते.

आता ‘अंसमेखला’. अंस म्हणजे खांदा, मेखला म्हणजे कमरपट्टा. श्रोणीला, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याला, मेखला म्हणणे शोभते, कारण तिथली हाडे मागच्या बाजूला माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीशी घट्ट जोडलेली असून कडे पूर्ण होते. खांद्याचे कडे पाठीमागे उघडेच असते. दोन्ही बाजूंची खांद्याची पाती एकमेकांना भेटत नाहीत, कण्यालाही हाडाने जोडलेली नाहीत. ती बरगड्यांवर, साधारणपणे दुसरीपासून सातवीपर्यंत, स्नायूंच्या आधाराने तरंगत राहतात. एका पात्याला सतरा स्नायू लागलेले असतात. संपूर्ण हात धडाला हाडाने जोडलेला असतो तो फक्त एका ठिकाणी, गळपट्टीचे हाड छातीच्या मधल्या हाडाला जिथे भिडते तिथे. बैलाला तर गळपट्टीचे हाडच नसते. त्याचे पुढचे पाय केवळ स्नायूंच्या झोळीने धडाला लटकलेले असतात. म्हणून ‘मेखला’ हा शब्द पुस्तकात राहू द्यावा, पण त्याच्या जोरावर वाचकाच्या डोळ्यांसमोर बंद पट्टा उभा करू नये.

पात्यासाठी ‘अंसफलक’ हा जुना आणि नेमका शब्द आहे. सुश्रुताने अंस आणि अंसफलक ही दोन वेगळी मर्मे, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागा, मानली आहेत. छपाईत तो पुष्कळदा ‘अंशफलक’ होतो, ते चूक आहे. अंश म्हणजे भाग, खांदा म्हणजे अंस, दंत्य ‘स’ने. गळपट्टीच्या हाडाला ‘जत्रू’ किंवा ‘अक्षक’ म्हणतात. यांपैकी ‘जत्रू’ने अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मात्र खांद्याचा सांधा दाखवला आहे, हाड नव्हे, तेव्हा तो वापरताना आपल्याला काय अभिप्रेत आहे ते एकदा सांगून टाकावे.

माझ्याकडे येणारे शेतकरी पाठीवरच्या पात्याला ‘फरा’ म्हणतात, आणि माहितीपत्रकासाठी मला हाच शब्द सर्वांत जवळचा वाटतो. गुरांच्या पायाच्या वरच्या मांसल भागाला फरा म्हणतात, आणि तिथे सूज आणणाऱ्या रोगाचे नाव ‘फऱ्या’ त्यावरूनच पडले आहे. त्यामुळे शब्द नवा शिकवावा लागत नाही.

हालचालीचे वर्णन करताना हा शब्द फार उपयोगी पडतो. ‘काखा वर करणे’ हा वाक्प्रचार आपण हात झटकण्याच्या अर्थाने वापरतो, पण ती क्रिया प्रत्यक्ष करून पाहा. हात कानापर्यंत, म्हणजे १८० अंश, वर जातो तेव्हा त्यांतले सुमारे १२० अंश सांध्यातून येतात आणि उरलेले सुमारे ६० अंश फरा बरगड्यांवरून सरकत फिरल्यामुळे मिळतात. त्याच वेळी गळपट्टीचे हाड वर उचलले जाते आणि स्वतःभोवती मागे वळते. हे दोनास एक प्रमाण १९४४ साली अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. ज्याचा सांधा धरलेला आहे तो माणूस काख उघडू शकत नाही. हात उचल म्हटले की तो अख्खा खांदा कानाकडे चढवतो, म्हणजे सांध्याचे काम फऱ्याकडून करवून घेतो. आरशासमोर ही एक खूण घरच्या माणसांनाही दिसते.

‘गोठलेला खांदा’ कृपया छापू नका. अमेरिकी शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ साली ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव दिले ते त्यांच्या भाषेला धरून होते, परंतु मराठीत रक्त गोठते आणि तूप गोठते. हे वाचून ‘आत रक्त गोठले आहे का’ असे मला घाबरून विचारणारे रुग्ण भेटले आहेत, आणि शेकून ते वितळेल या आशेने त्वचा भाजून घेणारेही. आपल्याकडे ‘खांदा आखडला’ असे म्हणतात. या आजारात सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन खरोखरच आक्रसते, त्यामुळे इथे बोलीतला शब्द इंग्रजी नावापेक्षा अधिक अचूक ठरतो. आयुर्वेदात याच्याशी जुळणारा ‘अवबाहुक’ आहे, तो वैद्यांपुरता ठीक.

पुन्हा प्रश्न

आभारी आहे. ‘खांदे उडवणे’ हे व्यायामाच्या सूचनेत चालेल का?

उत्तर

चालणार नाही. ‘खांदे उडवणे’ यात बेफिकिरीचा अर्थ आधी येतो, शिवाय ते झटक्याने करायचे असे वाटते. ‘दोन्ही खांदे सावकाश कानांकडे न्या, मग खाली सोडा’ असे लिहा. मागे घेण्याच्या व्यायामासाठी मी तोंडी असे सांगतो: ‘दोन्ही फरे पाठीमागे एकमेकांजवळ आणा, मध्ये पेन्सिल धरली आहे असे समजा.’ निफाडकडच्या एका आजींनी हे ऐकून लगेच बरोबर करून दाखवले. त्याआधी ‘खांदे मागे घ्या’ म्हटल्यावर त्या प्रत्येक वेळी कंबरेतून मागे वाकत होत्या.